जावयाची दुसरी

समस्त ग्रामस्थ, भावकी, पै-पाहुणे आणि ओतूरच्या बाजारात माझ्या दुकानासमोर उगाच रेंगाळणारे सर्व सज्जन यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या जावयांनी नोकरी बदलली.

हसू नका! माणसं नोकऱ्या बदलतात हे मलाही माहीत आहे. पण ही नोकरी जावयांच्या एकट्याची नव्हती. तिच्यावर माझ्या लेकीचा संसार लटकलेला होता, बायकोची झोप लटकलेली होती आणि गावच्या घाटाजवळ एक भला मोठा फ्लेक्सही लटकलेला होता. त्या फ्लेक्सकडे येतोच. आधी लेकीचं सांगतो.

आमच्या ऋतुजाचं लग्न मंचरच्या निखिलशी झालं. मुलगा शिकायला अमेरिकेत गेला, तिथेच नोकरीला लागला आणि तिथलाच नागरिक झाला. लग्नाची सुट्टी संपली तसा तो विमानात बसला आणि ऋतुजा ग्रीन कार्डाच्या रांगेत बसली. ओतूरच्या कॉलेजात शिकवायला जायची, म्हणून राहायला आमच्याकडेच. नवी नवरी चार दिवस माहेरी राहिली की गाव कौतुक करतं. वर्ष उलटलं की गाव चौकशी करतं. "पोरगी अजून हितंच?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की मी तो दुकानाच्या पाटीवर उत्तरासकट लिहून ठेवायच्या बेतात होतो.

अमेरिकेचा कायदा असा, की बायकोला न्यायचं तर नवऱ्याने सरकारला लिहून द्यायचं, हिला मी पोसेन. असं लिहून देणाऱ्याला म्हणतात स्पॉन्सर. नुसतं लिहून भागत नाही, त्याचं उत्पन्न चालू आहे याचा पुरावाही लागतो.

"चालू म्हणजे?" आमच्या शोभाने, म्हणजे सौभाग्यवतींनी, पदर खोचत विचारलं. "आपले जावई तसले चालू नाहीत हो! लग्नात मान वर करून बघितलं नाही त्यांनी."

"आई, उत्पन्न चालू!" ऋतुजा म्हणाली.

"तेच म्हणते मी. जावई चालू म्हणून अमेरिकेला कुणी सांगितलं?"

असो. त्याच आठवड्यात यात्रा कमिटीचे दामूअण्णा दुकानात आले. माझं दुकान पाण्याच्या मोटारी विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं. (हे लक्षात ठेवा. माझ्या सर्वनाशात या मोटारींचा मोठा वाटा आहे.) दामूअण्णा गेली कित्येक वर्षं आमच्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचे अध्यक्षही आहेत आणि माइकवरचे निवेदकही. माइक त्यांच्या हातातून काढून घेणं अजून कुणाला जमलेलं नाही.

"भाऊ, जावई काय करत्यात हल्ली?"

मी सहज म्हणालो, "काय करणार! स्पॉन्सर आहेत ना ते."

दामूअण्णांचे डोळे असे चमकले की मला तिथेच सावध व्हायला हवं होतं. आमच्या जुन्नर-आंबेगावात स्पॉन्सर या शब्दाला एकच अर्थ आहे. बैलगाडा शर्यतीचं बक्षीस जो देतो, तो स्पॉन्सर! बाकी अर्थ अमेरिकेत.

"स्पॉन्सर हायेत? आन् आमाला बोलला न्हाई व्हय! राव, एवढी मोठी गोष्ट!"

यात्रा अजून कित्येक महिने लांब, तरी दोन दिवसांत शर्यतीचे गाडे पळतात त्या घाटाजवळ फ्लेक्स लागला. निखिलराव लग्नातल्या फेट्यात, डोळ्यांवर कॉम्प्युटरवाल्याने स्वतःच्या मर्जीने चिकटवलेला काळा गॉगल. मागे अमेरिकेतला तो मशालवाला पुतळा आणि पुतळ्याच्या पायाशी दामूअण्णांची बैलजोडी. खाली मजकूर : 'मुख्य स्पॉन्सर. अमेरिकेतील बड्या कंपनीचे बडे साहेब.' मी ताबडतोब जाऊन चूक दुरुस्त करायला हवी होती. मी गेलोही. फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढला आणि परत आलो! पहिलं बक्षीस म्हणून माझ्याच दुकानातली नवीकोरी मोटार गेली, ती वेगळीच.

फ्लेक्सवरची शाई वाळते न वाळते तोच अमेरिकेतून फोन आला. बड्या कंपनीने बड्या साहेबांचं अख्खं खातंच बंद केलं होतं. नोकरी गेली!

शोभा मटकन खाली बसली. ऋतुजा कपाटाकडे वळली. तिची भरलेली बॅग कपाटाशेजारी उभी होती, तिच्याकडे नुसती बघत राहिली. मी म्हणालो, "दुसरी मिळेल गं." पण स्पॉन्सरचं उत्पन्न थांबलं की फाईलही थांबते हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

शोभाने डोळे पुसले आणि फर्मान काढलं. "फ्लेक्स लागलाय गावात! यात्रा होईस्तोवर नोकरी हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. ठेवा माझ्या डोक्यावर हात."

मी हात ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरातून नोकरी हा शब्द हद्दपार झाला. उरलं ते फक्त 'पहिली' आणि 'दुसरी'. यात काही घोटाळा होईल असं आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिघांपैकी दोघी हुशार आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दुकानात मोटार लावून बघत होतो. तिच्या घरघराटात निखिलरावांचा फोन आला. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो :

"हॅलो! पहिली सुटली ती सुटली! तिचं दुःख करू नका! दुसरी बघा! ... हो हो, कसलीही चालेल! ... अहो, पहिलीएवढी चांगली नसली तरी चालेल, पण लवकर धरा! ... ऋतुजाचं मी बघतो! तिला मी समजावतो!"

आणि मोटार बंद पडली. दारात पाइप घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्याकडे बघून प्रसन्न हसलो. (हे हसणं सगळ्यात घातक ठरलं.)

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं! भाऊंच्या जावयाने पोरीला सोडलं, आणि भाऊच त्याला दुसरी बघायला सांगतात! पहिली आली ती शेजारची कमलकाकी. ऋतुजाला जवळ घेऊन म्हणाली, "बाई, लई वंगाळ झालं गं."

ऋतुजाला वाटलं, काकीला नोकरीचं कळलं. ती हळूच म्हणाली, "काकी, कुणाला सांगू नका. त्यांना दुसरी मिळेल लवकर."

"आन् तुला चालंल?"

"न चालून काय करू? पहिली गेली, आता दुसरी नको का?"

"अगं पण..."

"मीच शोधून देतेय त्यांना. रोज ऑनलाइन बघते. दोन आवडल्यात, उद्या एकीशी बोलणार आहेत ते."

कमलकाकी चहा न घेता गेली. कमलकाकी चहा न घेता कुठून गेल्याची ही गावातली पहिली नोंद.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आणे पठारावरून शोभाचा भाऊ बाळू आला. हातात काठी. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, काठी राहिली.

"दाजी," तो उंबऱ्यातूनच गरजला, "तुमी म्हनं जावयाला दुसरी बघाया सांगितली?"

"सांगितली ना! मग काय उपाशी बसू देऊ?"

"उपाशी? आन् पयलीचं काय?"

"पहिलीनेच हाकलून दिलं त्याला! बाळू, तुला काय वाटतं, त्याने आपणहून सोडली?"

बाळूने ऋतुजाकडे बघितलं. "तू हाकाललं त्याला?"

"मी कशाला? कंपनीने!" ऋतुजा म्हणाली.

बाळूने काठी उंबऱ्याशी टेकवली. मग त्याच्या चेहऱ्यावर उजाडलं. "मंग नोकरी म्हना की, नो..." शोभाने झेप घेऊन त्याचं तोंड दाबलं. त्यालाही डोक्यावर हात ठेवायला लावला. त्यामुळे गावाला इतकंच दिसलं, की पोरीचा मामा काठी घेऊन तणतणत आत गेला आणि जेवून, मान खाली घालून, गप्प बाहेर आला. म्हणजे खरंच असणार!

दरम्यान जावयांना दुसरी लागली. आम्ही पेढेसुद्धा घरातल्या घरात खाल्ले. पण ती होती ठरावीक मुदतीची, काही महिन्यांची. ती मुदत संपायला आली तेव्हा ऋतुजाला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मी बाहेर फुटपाथवर उभा. ती बाहेर आली ती हातात एक कागद घेऊन. साहेब गोड बोलले म्हणे. तुमच्या नवऱ्याची पहिली गेली, दुसरी संपत आली. पक्क्या नोकरीचा पुरावा पाठवा, नाहीतर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे नवऱ्याच्या जोडीला हमी देणारा दुसरा माणूस, आणा. तोवर व्हिसा नाही.

मी गावात पोचल्यावर, डोकं ठिकाणावर नसल्यामुळे, दामूअण्णांना विचारलं, "अण्णा, जॉइंट स्पॉन्सर कुठून आणायचा हो?"

"मी हाय की! फ्लेक्सवर माजा बी फोटो टाकू!"

"अहो, तो अमेरिकेत राहणारा लागतो."

"अमेरिकेत?" अण्णा विचारात पडले. "आपलं तर हितल्या घाटघरला जानं व्हत न्हाई." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा फोटो टाकलाच.

मग मंचरला व्याह्यांना फोन लावला. ते बिचारे माझ्याहून खचलेले. "पावणं, पोरगं लई गुणी हाय आमचं. पर त्याच्याकडं एक बी टिकत न्हाई, त्याला आमी काय करावं?" दुर्दैवाने फोन स्पीकरवर होता. दुर्दैवाने दुकानात गर्दी होती.

त्या रात्री ऋतुजाने बॅग उघडली आणि कपडे एकेक करून पुन्हा कपाटात लावायला लागली. "पप्पा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यात्रा झाली की मी मंचरला जाऊन राहते. इथे सगळे माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी मेलेय." मी तिच्या शेजारी बसलो आणि एकेक कपडा घडी करून तिच्या हातात देत राहिलो.

यात्रेच्या दोन-तीन आठवडे आधी निखिलरावांना तिसरी लागली. पक्की, कायमची. कागद गेले. पण आशा करायची आमच्यात ताकद उरली नव्हती. शोभाने तर मासवड्यांचा घाट घातला, पाहुण्यांसाठी म्हणून, आणि प्रत्येक मासवडीवर एक उसासा सोडला. दोन वेळा मीठ पडलं. खाणाऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून खाल्ल्या आणि गावाला वाटलं, घर दुःखात आहे.

यात्रेचा दिवस! घाटावर ही गर्दी. गुलाल, धुरळा, बैलांच्या नावाच्या आरोळ्या. स्पॉन्सरचे सासरे म्हणून मला फेटा बांधून स्टेजवर बसवलेलं. लोक फ्लेक्सवरच्या गॉगलकडे बघायचे, मग माझ्या फेट्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. माझा सत्कार चालला होता की अंत्यविधी, हेच मला कळेना. शेवटी दामूअण्णा कानाशी कुजबुजले, "दुसरी बायकू केली व्हय जावयानं?", तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इतक्यात फोन वाजला. ऋतुजा! रडतेय की हसतेय समजेना.

"पप्पा, झाला! व्हिसा झाला!"

मी उभा राहिलो. फेटा सुटून गळ्यात आला. खाली बायकांच्या घोळक्यात बघतो तर शोभा ऋतुजाला मिठी मारून ओक्साबोक्शी रडत होती आणि शेजारच्या बायका, काय झालंय ते माहीत नसतानाही, सोबत रडत होत्या. मी ठरवलं, आता बस्स! शपथ गेली खड्ड्यात. नोकरी हा शब्द आज सगळ्या गावासमोर बोलायचा आणि पोरीच्या कपाळावरचा डाग पुसायचा! आणि मी ते केलं, जे आजवर कुणाला जमलं नव्हतं. दामूअण्णांच्या हातातून माइक हिसकावला.

"मंडळी! तुमच्या कानावर नाही नाही ते आलं असेल! ते सगळं खोटं आहे! आमच्या जावयांनी दुसरी नोकरी धरली आणि माझ्या लेकीचा मार्ग मोकळा झाला!"

(दुसरीनंतर तिसरीही लागली होती, हे घाईत राहूनच गेलं.)

मी बोललो असं. पण नेमका 'नोकरी' या शब्दाला माइक कुंईऽऽ करून मेला आणि पुढच्या शब्दाला पुन्हा जिवंत झाला. घाटावर पोचलं ते एवढंच : "आमच्या जावयांनी दुसरी... कुंईऽऽ... धरली आणि माझ्या लेकीचा मार्ग मोकळा झाला!"

अख्खा घाट चिडीचूप. बैलसुद्धा थांबले. दामूअण्णांनी टोपी काढली. कमलकाकीने तोंडाला पदर लावला. आणि त्या शांततेत आमची शोभा उठून उभी राहिली. आमच्या घरातून नोकरी हा शब्द जाऊन इतके महिने झाले होते, की तो गळलाय हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिच्या कानाला खटकली ती फक्त माझी चूक. आनंदात तिची पठारावरची मूळ बोली उसळून आली. आणि माइकची गरज तिला कधीच नव्हती.

"अवं, दुसरी न्हाई, तिसरी हाय ती! आन् पयल्या दोघींपरीस लई गुणाची!"