आप्पांच्या वाट्याचा रोट

मी डूख धरणारी बाई आहे. लोक म्हणतात, झालं गेलं तापीला मिळालं. माझं काही तापीला मिळत नाही, माझ्याजवळच राहतं. शाळेत मुलांना मी क्षमेवरचा धडा शिकवते, आणि तो चांगला शिकवते असं हेडबाईसुद्धा म्हणतात. पण आप्पांना मी क्षमा केलेली नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

आप्पा आमचे भाऊबंद. माझ्या वडिलांचे, बापूंचे, चुलतभाऊ. बापू इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जन्मभर उभे राहून वारले आणि त्यांच्यानंतर आमच्या घराचं मोठेपण आप्पांनी न मागता अंगावर घेतलं. घरात आम्ही तिघी. आई साड्यांचे धागे कापायची, मी महापालिकेच्या मराठी शाळेत, आणि धाकटी बहीण कबड्डी खेळायची. खेळायची म्हणजे कशी? ती चढाईला निघाली की समोरच्या सात जणी आपोआप मागे सरकायच्या. राज्याच्या संघात ती होतीच. आणखी एक निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकरी मिळेल, असं तिच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं. त्या नोकरीवर आम्ही तिघींनी मिळून डोळे लावले होते. आईच्या हातातली कात्री एकदाची खाली ठेवायची, हे धाकटीचं स्वप्न होतं आणि ते ती उघड बोलून दाखवायची.

एका सामन्यात तिचा गुडघा फिरला. डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, आतला लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन करा, एक हंगाम जाईल, पण ही पोरगी पुन्हा खेळेल. मी म्हटलं, करू. आई रडत होती. धाकटीला भूल, चाकू या सगळ्याचीच भीती होती, आणि त्याहून जास्त भीती होती ती हंगाम जाण्याची.

त्याच संध्याकाळी आप्पा आले. पर्वत पाटियाजवळ त्यांचं मालिश केंद्र आहे. स्वतः बनवलेलं तेल विकतात, आणि आमच्या समाजमंडळाचे अध्यक्षही तेच. पलंगावर पाय दुमडून बसत त्यांनी धाकटीचा गुडघा दोन बोटांनी दाबला आणि आमच्या अहिराणीत निकाल दिला.

"आपला घरमा आजलोंग कोनी आंगले चाकू लावू दिन्हा नही. तेल लायी देस. महिनामा पयाले लागशी."

महिन्यात पळायला लागशील! ज्या पोरीला हंगाम हातचा जाऊ द्यायचा नव्हता, तिला याहून गोड काय वाटणार? मी भांडले. आई म्हणाली, मोठ्या माणसाला उलट बोलू नको. आप्पा म्हणाले, शिकलेल्या बायकांना जरा जास्तच कळतं. मी त्यांना अहो-जाहो करते ते आजही. राग वेगळा आणि वळण वेगळं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी धाकटीला केंद्रात बसवून मोबाईलवर बोलायला लावलं. "मी ऑपरेशन करणार नाही. माझा आपल्या माणसांच्या विद्येवर विश्वास आहे." वाक्यं त्यांची होती, तोंड तिचं होतं. तो व्हिडिओ समाजाच्या ग्रुपमधून निघाला आणि बघता बघता गुजराती चॅनेलपर्यंत पोहोचला. मग काय, सगळ्या सुरतेला गुडघ्यातलं कळायला लागलं. रिक्षावाल्यापासून कापडवाल्यापर्यंत प्रत्येकाचं एक मत होतं. अर्धे म्हणत, शाब्बास, डॉक्टरांची दुकानं बंद करा. उरलेले अर्धे म्हणत, अडाणी खानदेशी, आणखी काय करणार. आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले आणि दोन्हींकडचे लोक मला येऊन आपापली बाजू समजावून सांगायचे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. धाकटीच्या गुडघ्याची सूज मात्र होती तिथेच होती, आणि ती बघायला कुणी आलं नाही.

चॅनेलवर चर्चा ठेवली. एका बाजूला एक मोठे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला फेटा बांधलेले आप्पा, मध्ये धाकटी. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. डॉक्टर बोलत होते ते खरं होतं, पण ते धाकटीकडे एकदाही न बघता "ऐसे अनपढ लोग" म्हणत होते. आप्पा तिच्या खांद्यावर हात ठेवून "हमारी बच्ची" म्हणत होते आणि मधूनच तेलाची बाटली कॅमेऱ्याकडे वळवत होते. शेवटी निवेदिकेला आठवलं की जिचा पाय आहे तीही इथेच बसलीये.

"बेन, तमने बीक नथी लागती?"

धाकटी म्हणाली, "लागे छे."

तोवर जाहिरात सुरू झाली होती. भीती वाटते, हे तिचं त्या सगळ्या गदारोळातलं एकच स्वतःचं वाक्य, आणि ते कुणीही ऐकलं नाही. मी ऐकलं. माझा डूख तिथे सुरू झाला.

थंडीत निवड चाचणी होती. सूज उतरली होती, धाकटी चालत होती, जरा पळतही होती. आप्पांनी आपलं तेल चोळून तिला पाठवलं आणि मंडळाच्या पोरांना मोबाईल घेऊन मागे लावून दिलं. पहिल्याच चढाईत ती वळली आणि गुडघा निघाला. तिचा आवाज मी बाकावरून ऐकला. असा आवाज मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही. या वेळी सांध्यातली गादी फाटली, कूर्चा झिजली, नको ते सगळं झालं. ऑपरेशन शेवटी करावं लागलंच. पहिल्या वेळचेच डॉक्टर होते. म्हणाले, आता चालण्यापुरतं करून देतो. खाली मांडी घालून बसता येणार नाही. कबड्डीचं विसरा.

कबड्डीचं विसरा. आई हातातली कात्री तशीच चालवत राहिली.

यावर आप्पा काय म्हणाले असतील? चूक झाली, असं? छे. त्यांनी नवा व्हिडिओ काढला. "पोरीनं पथ्य पाळलं नाही. वांगं खाल्लं. तेल काय करणार?" चोराच्या उलट्या बोंबा! वांगं तिने खाल्लं होतं, हे खरं. भरताचे दिवस होते, आईने आमच्याच घरी भरीत केलं होतं, आणि आप्पांनी त्यातलं दोनदा मागून घेतलं होतं. पण लोकांना वांगं पटलं. तिला ओळखणारे, न ओळखणारे, सगळे म्हणायला लागले, जिभेपायी पाय घालवला. दोन्ही तट पहिल्यांदाच एक झाले. भाजीबाजारात एक बाई तिला बघून हसत भाजीवाल्याला म्हणाली, हिला वांगी देऊ नकोस हं. धाकटीने बाजारात जाणंच सोडलं.

मी मात्र सगळीकडे जात राहिले. मला घाई नव्हती.

पुढच्या होळीनंतर पर्वत पाटियाला मोठा फलक लागला. आप्पांचा हार घातलेला फोटो आणि वर, पायी नर्मदा परिक्रमेस हार्दिक शुभेच्छा. या वयात, पायी! म्हणे तेलाचा प्रताप. मंडळाने ढोल वाजवून त्यांना निरोप दिला. नंतर काही आठवड्यांनी मी धाकटीला तपासणीला घेऊन गेले, नदीपलीकडच्या दवाखान्यात. ती डॉक्टरांकडे होती, मी व्यायामाच्या खोलीबाहेर बसले होते. आत पडद्यामागे कुणीतरी कळवळत होतं.

"माय वं! ओ माय वं!"

सुरतेत दुखणं प्रत्येक भाषेत ऐकू येतं, पण हा आवाज मी ओळखला. पडदा अर्धवट ओढलेला होता. दोन्ही गुडघ्यांवर उभे टाके, हातात वॉकर, आणि परिक्रमावासी आप्पा. तिथली मुलगी त्यांना हिंदीत समजावत होती, "काका, दोनों घुटने नये हैं, संभाल के. नीचे नहीं बैठना. पालथी तो भूल ही जाओ."

माझ्या हातात मोबाईल होता. फोटो काढायला क्षण पुरला असता. मी काढला नाही, आणि त्यात माझा काही मोठेपणा नाही. फोटो टाकला असता तर पुन्हा चर्चा झाली असती, आणि चर्चेत हा माणूस हरत नाही. आप्पा म्हणाले असते, फोटो खोटा, नाहीतर नर्मदेच्या काठी पडलो, नाहीतर आणखी कुणीतरी वांगं खाल्लं. मला त्यांना अशा ठिकाणी गाठायचं होतं जिथे बोलून काही भागत नाही. आणि मला ऐकू आलं होतं की ते खाली मांडी घालून बसू शकत नाहीत. घरी येताना मी धाकटीला सांगितलं. ती रिक्षाबाहेर बघत म्हणाली, "ताई, त्यांना भूल देताना भीती वाटली असेल का गं?" मला तेव्हा फक्त श्रावण दिसत होता.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई ही देवी बसते. भाऊबंदकीत दर वर्षी एकेका घराची पाळी, आणि या वर्षी पाळी आमची होती. कानबाईपुढचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे. ते बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही आमच्यात रोट मिळत नाही. मी लग्न केलेलं नाही, म्हणून माझा हक्क शाबूत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोट खाली, देवीसमोर, पंगतीत मांडी घालूनच खायचा. मोठे खाली बसलेले असताना कुणी उंचावर बसत नाही. धाकटी त्या दुखण्यापासून स्वयंपाकघरात स्टुलावर बसून एकटीच खायची, ते याच कारणाने.

आप्पा परतल्यापासून सगळीकडे मिरवत होते. कुणाला काही कळलं नव्हतं, कारण अध्यक्षाला सगळीकडे खुर्ची असते. सत्काराला खुर्ची, लग्नात खुर्ची, बारशालासुद्धा खुर्ची. कानबाईच्या रविवारी मी सकाळीच पलंग खोलून ठेवला, देवीला जागा हवी म्हणून. घरातल्या सगळ्या खुर्च्या वरच्या मजल्यावरच्या ओडिया शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवल्या. आई म्हणाली, कशाला गं एवढं? मी म्हटलं, पंगत मोठी आहे.

पंगत बसली. पुरुष, बायका, पोरं, सगळे भिंतीला लागून. देवीसमोरचं मधलं पान आप्पांचं. आप्पा दारात उभे. त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मी ती नजर ओळखत होते. ते खुर्ची शोधत होते.

आई म्हणाली, "बठा ना आप्पा, ताट वाढेल शे."

"बठस, बठस. तुम्हीन चालू करा."

पण मोठा बसल्याशिवाय चालू कोण करणार? कुणी घासाला हात लावेना. एक म्हातारे भाऊबंद म्हणाले, परिक्रमा करीसन उना, आते दोन पावलं चालीसन बठाले काय व्हयनं? लोक हसले. आप्पा भिंतीला हात लावून थोडे वाकले, थांबले, पुन्हा सरळ झाले. घाम फुटला होता त्यांना. तेव्हा मी, हातात वाढायचं भांडं घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"का हो आप्पा, वांगं खादं का?"

पोरांनासुद्धा कळलं. आप्पांच्या पांढऱ्या पायजम्याच्या गुडघ्यांकडे सगळ्यांचे डोळे गेले आणि तिथेच राहिले. किती वाट बघितली होती मी त्या क्षणाची! खरं सांगते, छान वाटलं. अंगात गार पाणी उतरावं तसं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धाकटी आली, जरा लंगडत, हातात तिचं स्टूल घेऊन. मला वाटलं, झालं, ही देणार त्यांना स्टूल. हिचा स्वभाव तसाच. आप्पांनाही तेच वाटलं. त्यांचा चेहरा सुटला आणि लेकीला मारावी तशी हाक मारत त्यांनी हात पुढे केला.

"आन आंडेर, आठे ठेव."

धाकटीने स्टूल ठेवलं, बरोबर मधल्या पानासमोर. मग ती स्वतः त्याच्यावर बसली. सगळ्या मोठ्यांसमोर, सगळ्यांपेक्षा उंच. दुखरा पाय तिने पुढे सरळ पसरला, परकर गुडघ्याच्या वर सरकवला, टाक्यांचा व्रण उघडा ठेवला, आणि आईकडे बघून म्हणाली, "माय, माले आठेच वाढ."

आई उठली. ती आप्पांच्या पुढून गेली, मधलं पान उचललं, आणि धाकटीच्या मांडीवर ठेवलं. त्या म्हाताऱ्या भाऊबंदाने पहिला घास घेतला. मग सगळ्यांनी घेतला.

आप्पा दारातून मागे वळले. नंतर जिना उतरल्याचा आवाज आला, एक पायरी, थांबणं, मग दुसरी.

रोट माणशी मोजून केले होते, म्हणून त्यांच्या वाट्याचा रोट शेवटी उरला. तो बाहेर देता येत नाही, टाकता येत नाही. आईने माझ्याकडे बघितलं. माझं पोट भरलेलं होतं, तरी मी खाली मांडी घातली, ताट पुढे ओढलं आणि तो रोट चुरा राहू न देता सगळा खाल्ला.