होड्यांचं पझल

काल संध्याकाळी आत्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून जिगसॉ पझलचा एक तुकडा उजव्या हाताने उचलू पाहत होती. पक्षाघातानंतर तिचा तो हात अजून नीट वळत नाही. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने कंटाळून कधीच बाजूला ठेवला. मग माझ्या मुलीने, सईने, आपलं होड्यांच्या चित्राचं पझल तिच्यापुढे ओतलं. तेव्हापासून दोघी रोज त्याच्याशी झटतात.

तुकडा बोटांतून निसटला. तिने पुन्हा उचलला, तो पुन्हा निसटला.

"आजी, मी लावू का?" सईने विचारलं.

"नको. तू फक्त कुठे बसेल ते शोध. लावणार मी."

एरवी एका जागी न टिकणारी सई हनुवटी टेबलावर टेकवून शोधत राहिली. मी दारातून पाहत होते. मदतीच्या नावाखाली आपण मोठी माणसं किती वेळा दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेतो, असं मनात आलं. या पहिलीतल्या मुलीला मात्र थांबणं जमत होतं. चित्र पुरं करायची घाई दोघींनाही नव्हती, पण तो तुकडा बसायलाच हवा होता.

"इथे, आजी. या शिडापाशी."

आत्याने तुकडा टेबलावरून हळूहळू सरकवत नेला आणि अंगठ्याने दाबला. तो बसला. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"चहा टाक. आणि आज कप या हातात दे. अर्धाच भर."