लखमाजी मिस्त्री आणि भिंतीमागचा सांधा

लखमाजी मिस्त्रींची आणि माझी ओळख जव्हारला एका सरदारांच्या बंगल्यात झाली. नळ्यांतून अमोनिया खेळवून दिवाणखाना गार करणारे विलायती यंत्र तिथे होते. त्याची देखरेख माझ्याकडे होती. लखमाजी साखरशेतचे, लोहारकामातून तयार झालेले मिस्त्री. यंत्राची पुस्तके मी वाचली होती. यंत्र त्यांना कळत होते.

त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात गोड शब्द पुष्कळ येतील. मला एकच प्रसंग सांगायचा आहे.

एका वैशाखात नळी फुटली. लखमाजींनी ती दुरुस्त केली आणि ते गंधकाची पेटती कांडी एकेका सांध्यापाशी धरू लागले. वायू गळत असला की तिथे पांढरा धूर दाटतो. दुपारी पाहुणे यायचे होते. सरदारांचे कारभारी मला म्हणाले, "आता सुरू करा."

"सायेब, भितीमागला सांधा बघाया राहलाय," लखमाजी म्हणाले.

"पाहुण्यांसमोर भिंत फोडता काय?" मी विचारले.

"नका फोडू. पन मंग यंत्रबी चालवू नका. मी नाय सही करत."

तपासणीच्या वहीत मी सही केली आणि यंत्र सुरू केले.

तासाभरात तोच सांधा सुटला. यंत्राच्या खोलीत मी एकटाच होतो. डोळे उघडेनात, दार सापडेना. तोंडाला ओले फडके बांधून लखमाजी आत शिरले, मला ओढून बाहेर काढले आणि झडप बंद करायला पुन्हा आत गेले. त्यांची छाती त्या दिवशी बिघडली ती कायमची.

चौकशीत विचारले गेले, दुरुस्ती कोणाची? मी म्हणालो, लखमाजींची. ते खोटे नव्हते, म्हणून बोलणे सोपे गेले. त्यांना कामावरून काढले. मला बढती मिळाली.

पुढे ते खोडाळ्याच्या बाजारात नांगरांचे फाळ पाजवून देऊ लागले. एकदा मी गेलो. त्यांनी घोंगडी अंथरली, नागलीची भाकर पुढे ठेवली. मी क्षमेचे बोलू लागलो.

"जेवा आधी," ते म्हणाले. "बोलाया त्या दिशी पायजे हुतं, सायेब."

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांनी हा सत्कार ठरवला. समितीचे अध्यक्षपद त्याच कारभाऱ्यांकडे गेले, चिटणीसपद माझ्याकडे. लखमाजींना कोणी विचारलेही नाही.

त्यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभो. 'निरोगी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्यामुळे जडलेला खोकला त्यांना निदान सुखाने निजू देवो.