तळ्यातल्या दोन रांगा

दुपारचा भात खाऊन विमल कोवे घरापुढच्या सपरीत आडवी होते. डोळा लागतो न लागतो, तोच उशाशी कोणीतरी पान चघळतं.

"ऊठ बिमल. मोठी यजमान झाली म्हणे तू!"

शेफाली मंडल, विमलला 'बिमल' म्हणणारी. पूर्व बंगालातून लहानपणी निर्वासित होऊन गडचिरोलीच्या या जंगलात आलेली. विमलने तिला रानभाज्या ओळखायला शिकवल्या, तिने विमलला जाळं फेकायला. पुढे गावच्या आणि बंगाली निर्वासितांच्या, दोन्ही वस्त्यांतल्या बायांचा मासेमारीचा एकच गट दोघींनी उभा केला. गेल्या पावसाळ्यात शेफाली तापाने गेली.

"तू तं मेली ना व दीदी?"

"मेली म्हणून आंधळी झाली काय? सकाळी त्या मॅडमपुढे मान कायले डोलावली?"

विमल उठायला जाते, तर पाय पाण्यात. तळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा. एकीवर पाटी 'निर्वासित', दुसरीवर 'यजमान', म्हणजे मूळ गावच्या बायांसाठी. मधोमध नागपूरच्या संस्थेची मॅडम उभी. कंबरभर पाणी, पण साडी कोरडी ठणठणीत. 'सामाजिक समावेशन' हा शब्द ती विडा चघळावा तसा घोळवते आहे.

"दोन गट केले तं मासे धरायले दोन डोंगे देतो म्हणते," विमल पुटपुटते. "एकच गट ठेवला तं काहीच नाई."

"दोन डोंग्यांपायी मले परत निर्वासित केलं? माझे नातू इथं जन्मले, तुझ्या हातची आंबील पिऊन वाढले!" शेफाली खदाखदा हसते. "ही बाई आपल्याले जोडायले आली. मग आधी तोडाच लागते ना! नाई तं जोडणार काय, कपाळ?"

मग ती हसू गिळून विमलकडे बघते.

"तिचं सोड. ती पोटासाठी बोलते. तू कशासाठी?"

आणि पाण्यात पचकन थुंकते.

"दीदी, मी काय करू?"

"मले कायले विचारते? मी निर्वासित, तू यजमान."

ती पाठ फिरवते. विमल धावून तिचं मनगट धरते, बंगाली सवाष्णी घालतात ती शंखाची बांगडी असलेलं. शेफाली हिसडा देते.

विमलचे डोळे उघडतात. सपरी. दारात जीप, मॅडम, कॅमेरेवाला. "चला, यजमान गट पुढे या! निर्वासित भगिनींचा फोटो नंतर."

"फोटो एकच निघंल," विमल उठत म्हणते. "सगळ्या बायांचा. नाई तं डोंगे वापस न्या."

मॅडम काहीतरी समजावू लागते. विमलचं लक्ष नाही. तिची मूठ ठसठसते आहे. ती उघडते, तर तळहातात रुतलेला शंखाच्या बांगडीचा पांढरा तुकडा, अजून ओला.