देवाने नाक दाबलं नव्हतं

आरती चालू होती आणि त्या बाईने माझ्या अंगावर रूम फ्रेशनर मारला.

डोक्यावर, मानेवर, फ्रॉकवर. फुस्स, फुस्स, फुस्स. झुरळावर मारतात तसा. मी गात होते, तोंड उघडं होतं, म्हणून तोंडातही गेला. कडू होता. डोळे चुरचुरले.

"अगं, देवालाही श्वास घ्यायचाय," ती म्हणाली.

सगळे हसले. हसताना कुणाचीही टाळी चुकली नाही. आरती चालूच राहिली.

मी तेव्हा अकरा वर्षांची. दहिसरच्या एका टॉवरच्या आवारात ते मंदिर. पांढरा संगमरवर, आत गणपती, वर झुंबर. रविवार होता आणि मंदिराचा वर्धापनदिन. आम्ही मनोरीचे कोळी. माझी आय आणि गावातल्या चार-पाच जणी टेम्पो करून दहिसरला मासे विकायला यायच्या. आय या टॉवरच्या गेटबाहेर पाटी लावायची. रविवारी शाळा नसली की मी तिच्याबरोबर. आय मासे कापायची, मी पिशवीत भरायची.

आरती ऐकू आली आणि मला राहवलं नाही. गावात देवीची आरती मीच सुरू करायचे. सगळे म्हणायचे, या पोरीचा गळा बघ. मला वाटलं, देव आहे, आरती आहे, मला ती येते. हात नळाखाली धुतले आणि गेले. चप्पल बाहेर काढली. सगळ्यांत मागे उभी राहिले. एवढंच.

बी विंगच्या त्या काकूंनी त्याच सकाळी आयकडून दोन पापलेटं घेतली होती. "आज नाही हं, उद्यासाठी," असं दोनदा सांगून. बोट घालून कल्ले बघितले होते. ते बोट हुंगून मग पदराला पुसलं होतं. त्याच हातात आता तो फ्रेशनरचा डबा होता.

मी बाहेर पळाले. आयला सांगितलं. मला वाटलं, आय उठेल. कोयता आपटेल. आमच्या वाड्यात आयच्या तोंडाला कुणी लागत नसे, बाप्ये रस्ता बदलायचे.

आय उठली नाही. तिने माझं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. म्हणाली, "चल, गप. देव त्यांचाच हाय. आपला नाय."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोंबील दाखवायला लागली.

फ्रेशनरचं मी विसरले असते, खरंच. आयचं ते वाक्य विसरले नाही.

त्या दिवसापासून मी देवाला टाळायला लागले.

लोक देवाला का टाळतात यावर आमच्या गावात दरवर्षी एक महाराज येऊन बोलतात. स्टेजवर गादी, बाजूला दोन पंखे, समोर बिसलेरी. म्हणे अहंकार. म्हणे मोहमाया. म्हणे मोबाईल. बकवास. ज्या दारातून हाकललं त्या दारात माणूस परत जात नाही, एवढं साधं आहे. मला कसला आलाय अहंकार? मला लाज होती. मला वाटायचं, देवालाही माझा वास येतो. तो मूर्तीत बसलाय म्हणून नाक दाबता येत नाही बिचाऱ्याला.

शाळेत जाण्याआधी मी अंगाला लिंबू चोळायचे. इतकं की कातडी फाटायची आणि आंघोळीला बसलं की आग व्हायची. घरात दिवा लावायचं काम माझं होतं, ते मी धाकट्या बहिणीवर ढकललं. नारळी पुनवेला सगळं गाव किनाऱ्यावर, मी घरी. पोट दुखतंय म्हणून. दरवर्षी त्याच दिवशी माझं पोट दुखायचं आणि कुणाला संशय आला नाही. लग्न गावातच झालं, तेव्हा गावदेवीच्या पाया पडायला नेलं. मी श्वास रोखून उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि उठून बाहेर आले. त्यानंतर त्या देवळाची पायरी चढले नाही.

मोठी झाले तसं माझं धाडस वाढलं. म्हणजे तोंडाचं. मी सांगायला लागले, "माझा देवावर विश्वास नाय." नवरा मरोळला एका कारखान्यात आहे. तिथे त्याचे शिकलेले दोस्त होते, त्यांना माझं फार कौतुक. "वहिनी एकदम डेरिंगबाज!" मला बरं वाटायचं. आता त्या बाईचा, म्हणजे माझा, मला राग येतो. ज्याला खरंच देव नको असतो तो विचार करून सोडतो, त्याला माझा नमस्कार. मी विचारबिचार काही केला नव्हता. मी अकराव्या वर्षापासून पळत होते आणि पळण्याला शहाणपण म्हणत होते.

आयचे गुडघे गेले तेव्हा पाटी माझ्याकडे आली. तोच टेम्पो, तेच गेट. त्याच काकू. केस पांढरे झाले होते, बोट तसंच. कल्ले बघायचं, हुंगायचं, पुसायचं. मी त्यांना रोज म्हणायचे, "या काकी, ताजं हाय." रोज. माझ्याच तोंडाने.

मग आयला अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, पण जड. दोन महिने ती खाटेवर होती. एका मंगळवारी म्हणाली, "मला देवीकडे ने."

बहीण सासरी, भाऊ बोटीवर. मीच उरले. रिक्षातून देवळापर्यंत नेलं. आमचं देऊळ लहान आहे, किनाऱ्याला लागून. पत्र्याचा मंडप, पाच पायऱ्या, आत शेंदूर लावलेली देवी. मी पायरीशी थांबले. आयला म्हटलं, "इथूनच हात जोड."

आय म्हणाली, "आत."

"मी नाय येत आत. तुला म्हायती हाय."

"मग मला टाक इथं," आय म्हणाली. "सरपटत जाईन."

ती खरंच गेली असती. मी तिला पाठीवर घेतलं. नुकतीच दहिसरहून आले होते, अंग धुतलं नव्हतं. हातांवर खवले वाळलेले, ओच्याला माशाचं रक्त. पाच पायऱ्या चढले. गाभाऱ्यात आयला खाली ठेवलं, तर ती एका बाजूला कलंडायला लागली. तिला धरून बसावंच लागलं. देवीपासून दोन हातांवर. एवढ्या जवळ मी लहानपणीसुद्धा गेले नव्हते.

मी परत श्वास रोखला. सवयच झाली होती.

आय देवीकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता बोलली. "त्या दिवशी मी खोटं बोललो. देव त्यांचा, असं बोललो. मला म्हायती व्हतं ते खोटं हाय."

"मग का बोललीस?"

"मी उठली असती तर गेट गेलं असतं. तुम्ही तीन पोरं. मी भ्यालो." तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. "दर मंगळवारी हिच्यासमोर येऊन सांगतो मी ते. तुला सांगायला तोंड नव्हतं."

मी काय करायला हवं होतं? आयच्या गळ्यात पडायला हवं होतं? नाही पडले. मला भयंकर राग आला. एवढी वर्षं. देवीला दर मंगळवारी सांगितलंस आणि मला नाही? मी ओरडले. आयवर नाही, ती आधीच अर्धी मेलेली. देवीवर ओरडले. तुला माहीत होतं, तू ऐकत होतीस, तुला एकदा तरी मला बोलवता आलं नाही?

ओरडायला श्वास घ्यावा लागतो. मी घेतला. शेंदूर, तेल, खारट वारा आणि माझ्या हातांचे मासे. सगळे वास एकत्र. देवीच्या पायाशी सुकटीचा नैवेद्य होता, कुणीतरी सकाळी ठेवलेला. मासा तिच्याही पायाशी होता. तो नेहमीच असायचा. मी लहानपणापासून बघितला होता आणि माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

आयने उजव्या हाताने माझी मांडी थोपटली. "म्हण," ती म्हणाली.

मी आरती सुरू केली. गळा गंजला होता. तिसऱ्या कडव्याला शब्द आठवेनात, तिथे आय तिच्या वाकड्या तोंडाने म्हणाली. देऊळ उजळलं वगैरे काही नाही. एक कुत्रं मंडपात येऊन बसलं, आरती संपेपर्यंत बसून राहिलं. संपली तेव्हा मी रडत होते आणि मला लाज वाटत नव्हती. बस्स, तेवढंच झालं.

तेवढंच पुरलं.

आय पावसाळ्याआधी गेली. मी रोज देवळात जायला लागले. टेम्पो यायच्या आधी दहा मिनिटं. तांब्याभर पाणी, असेल तर एक फूल, एक आरती. पहिले कित्येक दिवस मी नुसती भांडत होते. पण भांडायलाही समोर उभं राहावं लागतं. लांबून कुढत बसलं की समोरचं माणूस मनात राक्षस होतं, देवाचंही तसंच होतं. रोज समोर गेले तशी देवी परत देवी झाली. मला तिच्याशी बोलता यायला लागलं. सुरमई मिळू दे, नवऱ्याचा खोकला जाऊ दे, आयला सांभाळ. मी लिंबू चोळणं सोडलं.

गळाही परत आला. मासे कापताना मी गुणगुणायला लागले. गेटबाहेर, कोयत्याच्या तालावर.

आणि काकूंनी ते ऐकलं.

एके दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन गेटवर आल्या. मंदिराचा वर्धापनदिन जवळ आला होता. "काय गळा आहे गं तुझा!" काकू म्हणाल्या. "आमच्या मंदिरात आरती म्हणशील? पाहुणे येणारेत, व्हिडिओ करणार आहोत."

खोटं कशाला बोलू, आनंदच झाला.

"पण बघ," काकू पुढे म्हणाल्या, "आधी चार दिवस मासे बंद ठेव. अंगात मुरलेला असतो ना तो वास. साडी आम्ही देऊ. आणि कुणाला सांगू नकोस तू गेटवर बसतेस ते. पाहुणे आहेत, उगाच."

बरोबरच्या दोघी माना डोलावत होत्या. किती समजूतदार. किती मोठ्या मनाच्या.

मी कोयता खाली ठेवला. विचारलं, "काकी, मला ओळखलंत?"

"म्हणजे?"

"मी लहान होते. तुमच्या मंदिरात आरती म्हणत होते. तुम्ही माझ्यावर फ्रेशनर मारला होता."

काकूंनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी बघितलं. मग हसल्या. "काय की बाई. तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता गं."

ज्या हातामुळे मी एवढी वर्षं देवाला तोंड दाखवलं नाही, त्या हाताला ते आठवतही नव्हतं. मी किती मोठी करून ठेवली होती या बाईला! देवाच्या दारावरची पहारेकरीण. आणि होती कोण? पापलेटाचे कल्ले हुंगणारी एक रिकामटेकडी बाई. देवासमोर पन्नास वर्षं उभी राहून ती देवाला एकदाही भेटली नसावी. मध्ये डबा धरून उभं राहिल्यावर कसा भेटणार?

"मी नाय येणार," मी म्हटलं.

"अगं, देवाचं काम आहे!"

"देवासाठी मी रोज गाते. तुमच्या व्हिडिओसाठी नाय."

त्या बघत असतानाच मी उठले आणि गेटातून आत गेले. वॉचमन म्हणाला, "ए मावशी, किधर?" मी म्हटलं, "दर्शन को." तो बाजूला झाला. चप्पल काढली. खवल्यांचे हात तसेच जोडले. गणपतीसमोर उभी राहून एक आरती म्हटली, पूर्ण, सगळ्या कडव्यांसकट. मागून काकूंचा आवाज येत होता, "अरे, हिला कोणी आत सोडलं?" मी थांबले नाही. घाई केली नाही.

आठवड्याभरात गेटवर नोटीस लागली. मासेविक्रेत्यांना गेटजवळ बसण्यास सक्त मनाई. आय ज्याला भ्यायली ते झालं. गेट गेलं.

आता मी रस्त्याच्या पलीकडे बसते. निम्मी गिऱ्हाइकं येतात. बाकीच्यांना रस्ता ओलांडायचा कंटाळा येतो, किंवा काकूंची भीती वाटते. ए विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका नेमाने येतात. चांगल्या आहेत, आयच्या आजारपणात औषधं पाठवायच्या. परवा मांदेली घेताना म्हणाल्या, "तू रोज पूजा करतेस ना? मग राग कशाला ठेवतेस मनात? माफ करून टाक त्यांना. देवालाही तेच आवडेल."

"बाई," मी म्हटलं, "देवाला काय आवडतं ते मी त्यालाच विचारीन. तुम्ही मध्ये पडू नका."

मी त्यांची मांदेली साफ करून दिली, नेहमीसारखी.

देवीशी माझं जुळलंय. त्या लोकांशी जुळलेलं नाही आणि मला जुळवायचंही नाही. पूजेने माझा राग गेला नाही, माझी लाज गेली. माझ्याशेजारी उभं राहून कुणालाही हात जोडू देत, मी सरकून जागा देईन. पण माझ्या आणि देवाच्या मध्ये कुणी हात आडवा घातला, तर तो हात मी बाजूला करीन. मासे कापलेल्या हाताने. न धुता.