चार नंबरच्या ताईंचा हिशेब

नोटा मोजताना त्या बोटाला थुंकी लावायच्या नाहीत. ओल्या स्पंजची छोटी डबी त्यांच्या पर्समध्येच असायची. पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक काढायच्या. रक्कम आधी अक्षरात लिहायच्या, मग आकड्यात. चहा अर्धाच प्यायच्या आणि उरलेल्या कपावर बशी पालथी घालायच्या, पण नंतर तो प्यायल्याचं कुणी पाहिलं नाही. टेकडी चढताना सगळ्यांच्या शेवटी असायच्या, हातात कुणाची तरी पाण्याची बाटली. फोन उचलल्यावर हॅलो म्हणायच्या नाहीत. "बोला, पुढचे," म्हणायच्या.

एकोणतीस वर्षं पाणीपट्टीच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीमागे बसलेलं माणूस दुसरं काय म्हणणार? आमच्या गटात सगळे त्यांना चार नंबर म्हणायचे, अगदी तोंडावर. मी ताई म्हणायचे.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या त्याच खिडकीमागे बसल्या बसल्या गेल्या. रांगेतल्या पहिल्या माणसाला वाटलं, खाली वाकून सुटे शोधताहेत. तो थांबला. मागचे लोक कुरकुरायला लागले तेव्हा त्याने काचेवर किल्ली वाजवली.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

आमचा गट लहान आहे. नोंदवहीत सेहेचाळीस नावं. एक रविवार सोडून एक रविवार आम्ही गावामागच्या टेकडीवर जातो. ज्यांचे पाय चालतात ते आणि ज्यांचे चालत नाहीत ते, दिसणारे आणि न दिसणारे, सगळे बरोबर. दोन जोडसायकली आहेत. पुढे दिसणारा बसतो, मागे न दिसणारा, पायडल दोघांनी मारायचं. एक एकचाकी खुर्ची आहे. तिला पुढे आणि मागे दांडे आहेत, एकाने ओढायची आणि दुसऱ्याने सावरायची. घड्याळजी त्या खुर्चीतून पहिल्यांदा माथ्यावर पोचले तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, घड्याळं दुरुस्त करतात. इमारतीला लिफ्ट नाही. वर गेल्यावर काय दिसलं, असं कुणीतरी विचारलं.

"माझी खिडकी," ते म्हणाले. "बाहेरून."

त्यांना जिन्यावरून उतरवायला चार माणसं लागतात आणि टेकडीपर्यंत न्यायला उतरती फळी असलेली गाडी लागते. गाडी भाड्याची. शिवाय सगळ्यांचा विमा. हे पैसे निधी कार्यालयाकडून येतात. दरवर्षी आम्ही हिशेब पाठवतो, ते अनुदान पाठवतात. अनुदान नाही तर गाडी नाही. गाडी नाही तर घड्याळजी आणि त्यांच्यासारखे अकरा जण घरात. एवढं साधं आहे ते.

उरलेला खर्च वर्गणीतून. वर्गणीची पद्धत आमचे अध्यक्ष ड्रिल सर यांनी घातलेली. ते शाळेत कवायत शिकवायचे, त्यामुळे सगळं रांगेत आणि सगळ्यांना सारखं. दर फेरीला माणशी पन्नास. खुर्चीत बसणाऱ्यालाही पन्नास, खुर्ची ओढणाऱ्यालाही पन्नास. "इथे कुणी कुणावर उपकार करत नाही," सर म्हणायचे. एकाच रंगाचे लिफाफे सगळ्यांना द्यायचे. पैसे घालून, चिकटवून, पत्र्याच्या डब्यात टाकायचे. नाव लिहायचं नाही. ज्याला जमणार नाही त्याने रिकामा लिफाफा चिकटवून टाकायचा. डबा तिथेच उघडून सगळ्यांसमोर लिफाफे मोजायचे, म्हणजे माणसं आणि लिफाफे जुळतात की नाही ते कळतं. फोडायचे मात्र एकट्या खजिनदाराने, घरी.

खजिनदार ताई.

सहा वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत ताईंनी सरळ वाचून दाखवलं. लिफाफे पाचशे चाळीस, त्यांत भरलेले चारशे तेवीस. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे एकशे सतरा फुकटे." लोक हसले. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. पण पुढच्या फेरीला एक बाई आल्या नाहीत. त्यांची मुलगी जोडसायकलवर मागे बसायची, आणि उतारावर मोठ्याने गायची. त्याच्या पुढच्या फेरीलाही त्या आल्या नाहीत. ताई त्यांच्या घरी जाऊन आल्या. दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षापासून आमच्या हिशेबात रिकामा लिफाफा आला नाही. माणसं वाढली, लिफाफे वाढले, आणि प्रत्येकात पन्नास.

मी गटात आले ती तीन वर्षांपूर्वी. साहित्यात एम.ए. करून मी एका छापखान्यात प्रुफं तपासते. वार्षिक अहवाल लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. हिशेब ताईंचा, भाषा माझी. गेल्या अहवालात मी लिहिलं होतं: "परिस्थिती कशीही असो, आमचा एकही सभासद आपला वाटा चुकवत नाही." ताईंनी कागद डोळ्यांजवळ धरून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"थोडं कमी करता येईल का गं?"

"का? खरं आहे ना?"

"वाक्य छान आहे," ताई म्हणाल्या आणि कागद परत दिला.

हे मला आता रोज ऐकू येतं.

मागच्या गुरुवारी निधी कार्यालयाचं पत्र आलं. ते म्हणजे ताईंच्या जाण्याच्या पाच दिवस आधी. दीड पानाचं, सभ्य भाषेत. हा निधी सभासदांना वर्गणी परवडत नाही अशा गटांसाठी आहे. आपली वर्गणी पाच वर्षं शंभर टक्के वसूल होत आहे आणि वाढत आहे. त्याखाली माझं वाक्य अवतरणचिन्हांत छापलं होतं. सबब आपला अर्ज पुढे नेता येत नाही. याबद्दल काही म्हणणं असल्यास गेल्या वर्षाच्या वर्गणीचा दुरुस्त तपशील, खजिनदाराच्या सहीने, तीस तारखेपर्यंत पाठवावा.

मी पत्र घेऊन ताईंकडे गेले. त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच राहतात. राहायचे. दादांनी लग्न केलं नाही, ताईंचं टिकलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं भेंडी निवडत बसले होते. ताईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि बशीखाली ठेवलं.

"दादा, तुला एक सांगायचं राहिलंय."

"दुसरं लग्न केलंस का?"

"पदरमोड केलीय. पाच वर्षं."

दादांनी सुरी खाली ठेवली. ताईंनी चारच वाक्यांत सांगितलं. रविवारी संध्याकाळी लिफाफे फोडायचे. रिकामे किती ते मोजायचे. तेवढे पन्नास आपले घालायचे. रिकामे लिफाफे फाडून टाकायचे.

"किती गेले?" दादांनी विचारलं.

"वर्षाला सहा-सात हजार. शेवटी जास्त."

"आणि मला सांगत होतीस पगारवाढ रखडलीय म्हणून."

"तीही रखडलीच होती."

मला बसायला सुचेना. मी म्हणाले, "ताई, वाक्य माझं आहे. मी लिहून देते, माझी चूक म्हणून."

"वाक्य तुझं, आकडे माझे. सही आकड्यांखाली असते." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "बस. तुझी कसली चूक? मी तुला खोटं दिलं, तू ते चांगलं लिहिलंस."

दादांचं डोकं दुसरीकडेच गेलं होतं. ताईंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सरकारी पैशाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईने पाच वर्षं खोट्या हिशेबावर सही केली, हे कागदोपत्री कबूल केलं तर वरचे लोक गप्प बसतील का?

"पेन्शन अडकेल," ते म्हणाले.

"अडकली तर अडकली. तिसऱ्या मजल्यावर अडकण्यापेक्षा बरं."

"तू स्वतः काही चोरलंस का? उलट घातलेस."

"खिडकीवर दहा जास्त निघाले तरी लिहून द्यावं लागतं, दादा. कमी निघाले तरच चौकशी होते असं थोडंच आहे?"

मी विचारलं, रिकामे किती होते ते कुठे लिहून ठेवलंय का? ताई हसल्या. त्या संध्याकाळी तेवढंच एकदा.

"लिहून ठेवलं असतं तर लपवलं काय?"

पण त्यांना आठवत होतं. कसं आठवत होतं ते मला दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी कळलं. त्यांनी एक फुलस्केप कागद घेतला, पेन्सिलीने रकाने आखले. वर्ष. लिफाफे. रिकामे. माझे. आणि त्या डोळे मिटून बोलायला लागल्या. त्या वर्षी बाहेरच्या खोलीचे पडदे घ्यायचे होते, ते घेतले नाहीत. त्यासाठी बाजूला ठेवलेले तीन हजार उन्हाळ्यापर्यंत पुरले. मग भाचीच्या लग्नाला जायचं होतं, तिकिटाचे बावीसशे. गेले नाही. दिवाणाची गादी पिंजून घ्यायची होती, आठशे, ती राहिली. एकेक न घेतलेली वस्तू आठवायची, तिचे पैसे मांडायचे, पन्नासने भागायचं. मी गणकयंत्रावर पडताळत होते. रकमा नेमक्या पन्नासच्या पटीत येत होत्या.

दादा दारात उभे होते. "भाचीच्या लग्नाला पाठ दुखते म्हणाली होतीस."

"दुखत होतीच."

"मी एकटा गेलो. सगळे विचारत होते."

ताईंनी भाग दिला आणि रिकामे एकशे वीस असं लिहिलं.

एका वर्षाला एक संध्याकाळ लागत होती. दादा म्हणाले, कार्यालयाला गेलंच वर्ष हवंय, ते आधी कर. मीही तेच म्हणाले. ताईंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, पहिलं सांगितल्याशिवाय शेवटचं कुणाला पटेल? त्यांना वाटेल, अनुदान गेलं म्हणून आता रचतेय. सुरुवातीपासून सांगायचं, का सुरू झालं तेही लिहायचं. तीस तारीख लांब आहे.

शुक्रवारी पहिलं वर्ष झालं, शनिवारी दुसरं. रविवारी फेरी होती. उरलेल्या पैशांत ठरलेली शेवटची गाडी. ताई नेहमीसारख्या सगळ्यांच्या मागे होत्या, पण दोनदा दगडावर बसल्या. घड्याळजी खुर्चीतून वळून म्हणाले, "चार नंबर, जागा बदलायची का? मी ढकलतो." ताई म्हणाल्या, "तुमची रांग लावा आधी." संध्याकाळी घरी येऊन तिसरं वर्ष लिहिलं. सोमवारी चौथं. मी निघताना त्यांनी पाचवी ओळ आखून ठेवली होती.

"उद्या ये," म्हणाल्या. "उद्याचं सगळ्यात मोठं आहे. डोकं ताजं पाहिजे."

मंगळवारी मला छापखान्यात फोन आला.

काल आम्ही तिघं त्या टेबलाशी बसलो होतो. दादा, ड्रिल सर आणि मी. सरांनी निधी कार्यालयाला फोन लावला होता. तिकडच्या माणसाने वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाला, नवीन खजिनदाराची सही चालेल, पण गेल्या वर्षाचा आकडा लागेल. तारीख वाढवता येत नाही.

सर कागद हातात धरून बसले. नेहमी ताठ बसणारा माणूस. "चौथ्यात एकशे अडतीस रिकामे," ते म्हणाले. "पाचव्यात एकशे पन्नास धरायला काय हरकत आहे? अंदाजे."

"आणि कुठून आला म्हणून विचारलं तर?" दादांनी विचारलं.

"सांगू, त्यांनी सांगितला होता."

"ती पाच वर्षं खोटं लिहीत होती, ते खरं सांगायला बसली होती. आता ती गेल्यावर तिच्या नावावर आणखी एक खोटं लिहिता?"

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग हळू म्हणाले, "मला खुर्चीतली माणसं दिसतात हो, दादा."

"मला काय दिसत नाहीत?"

दादांनी बँकेचं पुस्तक आणून ठेवलं होतं. त्यातून काही निघत नाही. पगाराच्या दिवशी ताई घरखर्चाचे आणि हे एकदमच काढायच्या. मग दादा उठले आणि घरभर फिरायला लागले. कपाट उघडलं, स्वयंपाकघरातल्या फळ्या पाहिल्या, न्हाणीघराचा दिवा लावून पाहिला. गेल्या वर्षी या घरात काय आलं नाही, ते शोधत होते. मी त्यांच्यामागून वही घेऊन फिरत होते. एक-दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. किंमत विचारली की म्हणायचे, ते तिलाच ठाऊक. शेवटी न्हाणीघराच्या दारात उभे राहिले आणि तिथेच उभे राहिले.

आज अठ्ठावीस तारीख. कागद माझ्याकडे आहे, सरांनी मला खजिनदार केलंय. पहिल्या चार ओळी पूर्ण आहेत, अक्षरात आणि आकड्यात. पाचव्या ओळीत वर्ष लिहिलंय आणि लिफाफे लिहिलेत: सहाशे बारा. तो आकडा अहवालातला आहे, कुणालाही मिळाला असता. पुढचे दोन रकाने आखलेले आहेत. त्यांत काही नाही.