नानांचं धोतर आणि विहिरीचं पाणी

"मॅडम, ब्लँक चमकतोय!"

जयश्रीचा आवाज ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. मुलांनो, ब्लँक म्हणजे ज्यात आपण काहीही घातलेलं नाही असं कोरं पाणी. बाकीचे नमुने त्याच्याशी ताडून बघायचे. तोच चमकू लागला तर सगळं कामच संशयात.

जयश्री ही धुळ्याच्या कॉलेजातली माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. केळीच्या साली पाण्यात घालून आम्ही बंद भांड्यात तापवायचो. त्यातून कार्बन डॉट्स मिळतात, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली ते निळे चमकतात. पाण्यात लोहासारखा धातू असला की चमक मंदावते. त्यावरून दूषित पाणी ओळखायचं.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये पद्धत जमली होती. आता खरं पाणी हवं होतं. जयश्रीने साक्रीजवळच्या आपल्या गावच्या विहिरीचं आणलं. "तालुक्यात असं पाणी नाही, मॅडम," ती अभिमानाने सांगायची.

तेच आमचं ब्लँक; त्यात डॉट्सचा थेंबही नव्हता, तरी ते निळं दिसत होतं. आमचेच डॉट्स भांड्यांना चिकटले असतील म्हणून नवी भांडी काढली. डिस्टिल्ड वॉटर काळं, म्हणजे चमक नाही. विहिरीचं पुन्हा निळं.

विभागप्रमुख म्हणाले, "दुसऱ्या विहिरीचं घ्या आणि पुढे सरका. कशाला गुंता?"

"सर, हे पाणी जयश्रीची तान्ही भाची पिते," मी म्हणाले.



मग मला आठवलं, कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य घालतात. तेही असंच निळं चमकतं, पण तीव्र यूव्ही दिव्याखाली ठेवलं की त्याची चमक लवकर उतरते, डॉट्सची टिकते. पाण्याची चमक तशीच उतरली. जयश्री स्टुलावर बसली.

"नानांचा ओटा," ती एवढंच म्हणाली.

नाना तिचे वडील. बायकोचं आयुष्य नाल्यावर धुणी धुण्यात गेलं, म्हणून ती गेल्यावर तिच्या नावाने त्यांनी विहिरीलगत धुण्याचा ओटा बांधला. साबणाचं पाणी तिथेच जमिनीत मुरायचं. वर संगमरवरी पाटी.

आम्ही गावी गेलो. नाना हसून अहिराणीत म्हणाले, "मॅडम, पानी चाखी पाहा ना. गोड शे!"

मी चाऱ्याच्या खोलीचं दार लावायला सांगितलं. अंधारात टॉर्च लावला, तसं नानांचं पांढरं धोतर भक्कन निळं पेटलं. ते दचकून मागे सरले. मग डिस्टिल्ड वॉटरची बाटली धरली. काळी. शेवटी विहिरीची. फिकट, पण तोच निळा.

नानांनी धोतराकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"म्हंजे बठ्ठा गाव मन्हं धोतरनं पानी पेस?"

"हो नाना, सगळा गाव पितो," मी म्हणाले.

नाना बाहेर आले आणि त्यांनी पहार मागवली. जयश्रीने हात धरला. "नाना, आईचं नाव आहे त्यावर."

"नाव दगडवर शे. नात घरमा शे."

आधी पाटी काढून त्यांनी उपरण्यात गुंडाळली. मग पहिला घाव स्वतः घातला.

नवा ओटा उताराला, विहिरीपासून लांब बांधला. पाटी तिथे पुन्हा लागली. विहीर उपसली, साफ केली. पावसाळ्यानंतर जयश्रीने पुन्हा पाणी आणलं. टॉर्चखाली काळंकुट्ट. इतकं काळं पाणी बघून आनंद झालेल्या आम्ही दोघीच असू. तिचा प्रबंध लांबला, एवढंच.

ज्याच्यावर कुणाचाच संशय नसतो, तो नमुना आधी तपासावा. तुमच्याकडचं पाणी स्वच्छच असेल म्हणा. तरी तुमच्या शाळेत येताना मी टॉर्च आणणार आहे.